वर्गणीच्या पैशात स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा?

करंजाडेत आज आपली वस्ती वाढते आहे. विमानतळासाठी गाव सोडून इथे पुनर्वसनात आलेले स्थानिक आहेत. कोकण, मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोटापाण्यासाठी पनवेल, तळोजा, उरणकडे आलेली कुटुंबं आहेत. सेक्टरमधल्या इमारतीत एखादी खोली मिळाली की रविवारची वंदना सुरू होते. मग मुलांचा अभ्यासवर्ग येतो, वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन सुरू होतं. तीस-चाळीस माणसं जमू लागली की कोणीतरी म्हणतंच, 'आवाज मागे येत नाही, एक साऊंड घेऊया.'

इथून पुढे बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. वर्गणी निघते, दोन पोरं दुकानात जातात, दुकानदार मोठ्यात मोठा डबा दाखवतो, त्यावर '५००० वॉट' लिहिलेलं असतं, त्यात लाल-निळे दिवे लागतात. डबा खोलीत येतो. धडधड भरपूर ऐकू येते, पण त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या ताईचा शब्द मागच्या रांगेला कळत नाही. वर्षभरात डबा कोपऱ्यात जातो आणि पुढच्या जयंतीला पुन्हा भाड्याचा साऊंड येतो.

ही वर्गणी घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, कंत्राटी नोकरी करणाऱ्या माणसांच्या खिशातून आलेली असते. म्हणून या विषयावर सविस्तर लिहायचं आम्ही ठरवलं. यात जे विज्ञान आहे ते दहावीच्या पुस्तकापलीकडचं नाही.

आधी ठरवा: ऐकायचं काय आहे?

दुकानात जाण्याआधी बैठक घ्यावी आणि वर्षभरातले कार्यक्रम कागदावर मांडावेत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने ग्रंथवाचन. दर रविवारी वंदना. महिन्यातून एखादं व्याख्यान. ६ डिसेंबर, १ जानेवारी, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. अधूनमधून भीमगीतांचा कार्यक्रम. यादी पाहिली की लक्षात येतं, वर्षातला बहुतेक वेळ आपल्याला माणसाचं बोलणं ऐकायचं आहे. नाचायचं संगीत वर्षातून एक-दोन दिवस असतं, आणि तेही खोलीत नसतं.

बोलण्यातला अर्थ व्यंजनांत असतो. स, श, त, ट, क ही अक्षरं साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात उमटतात. धडधडणारा बास १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. बास जास्त झाला की तो या अक्षरांवर चढून बसतो. वय झालेल्या माणसांचं वरच्या पट्ट्यातलं ऐकणं आधीच कमी झालेलं असतं. त्यामुळे आपल्या आजी-आजोबांना 'आवाज येतो, पण समजत नाही' असं होतं. आवाज वाढवून हे सुटत नाही. स्पष्ट स्पीकर घेतला तर सुटतं.

भीमगीतांनाही हेच लागू आहे. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या गायकीत शब्द पुढे आणि ढोलकी, हार्मोनियम, कोरस त्याला आधार देणारे. जुनी रेकॉर्डिंग पुष्कळदा एकाच चॅनेलवर, म्हणजे मोनोत केलेली आहेत. बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत आज मोबाइलवरही ऐकता येते. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खोल बास नसतोच. हा आवाज नीट ऐकायचा तर मधला पट्टा स्वच्छ वाजवणारा स्पीकर हवा.

वॉटचा बाजार

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला 'पीएमपीओ' आकडा पूर्णपणे विसरावा. तो कसा मोजायचा याचा कोणताही मान्य नियम नाही, कंपनी वाटेल तो लिहिते. बघायचा तो 'आरएमएस' वॉट, म्हणजे यंत्र सतत किती शक्ती देऊ शकतं तो आकडा.

दुकानदार आरएमएस सांगत नसेल तर यंत्र मागे फिरवून लेबल वाचावं. अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार करा: २४ वॉट. जेवढी वीज आत जाते त्याहून जास्त आवाजाची शक्ती सतत बाहेर येऊच शकत नाही. मग पुढच्या बाजूला २,००० लिहिलेलं असो की ५,०००. हा एक गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता आला तर वर्गणीचे अर्धे पैसे वाचतात.

आता दुसरी बाजू. आपल्याला वॉट लागतात किती? याचं उत्तर स्पीकरच्या 'सेन्सिटिव्हिटी'त आहे. १ वॉट दिल्यावर १ मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, तो हा आकडा. घरगुती स्पीकरचा तो बहुधा ८४ ते ९० असतो. साधं बोलणं १ मीटरवर सुमारे ६० डेसिबल असतं, म्हणजे ८६ डेसिबलचा स्पीकर एका वॉटवरच बोलण्यापेक्षा बराच मोठा वाजतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे तो त्याहून कमी उतरतो. १२ बाय १५ फुटांच्या खोलीत शेवटची रांग चार मीटरवर धरली, तरी एक वॉटचा आवाज तिथे ७४ डेसिबलच्या आसपास पोचतो. गाण्यातल्या ढोलकीच्या थापेसाठी दहा-वीस पट शक्ती राखीव हवी. म्हणजे दर स्पीकरला २० ते ३० आरएमएस वॉट झाले की काम भागलं.

आणि हे पाठच करावं: वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. २० वॉटऐवजी ४० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर फरक जेमतेम जाणवेल. त्याऐवजी ८६ सोडून ८९ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढाच फरक मिळतो, अ‍ॅम्प्लिफायरवर जादा खर्च न करता.

पैसे कुठे घालायचे

चाळीस घरांनी ३०० रुपये दिले तर १२,००० रुपये होतात. बाजारभाव बदलत राहतात, म्हणून पुढचे आकडे फक्त वाटणीचं प्रमाण म्हणून घ्यावेत.

- दोन स्पीकर: ५,५०० रुपये
- अ‍ॅम्प्लिफायर: ३,००० रुपये
- माइक आणि माइक जोडण्याची सोय: २,५०० रुपये
- तार, प्लग, स्पीकरखालचे स्टँड: १,००० रुपये

सगळ्यात मोठा वाटा स्पीकरचा, कारण आवाजाचा पोत स्पीकर ठरवतो. आजचे साधे अ‍ॅम्प्लिफायरही बऱ्यापैकी स्वच्छ असतात. 'क्लास डी' पद्धतीचे छोटे अ‍ॅम्प्लिफायर हातात मावतात, कमी तापतात आणि वीज कमी खातात. जुन्या 'क्लास एबी' पद्धतीचे जड असतात, जास्त तापतात, पण कुठल्याही पेठेतला कारागीर ते दुरुस्त करू शकतो. आपल्या कामाला दोन्ही चालतात.

सेकंडहँड घ्यायला लाजू नये. चांगल्या कंपनीचे जुने दोन स्पीकर तेवढ्याच पैशातल्या नव्या, दिव्यांच्या डब्यापेक्षा पुष्कळदा सरस ठरतात. आधी पनवेलमध्ये विचारपूस करावी. जास्त पर्याय हवे असतील तर हार्बरने कुर्ला, तिथून दादर आणि दादरहून ग्रँट रोड असा प्रवास करून लॅमिंग्टन रोड गाठावा. मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार तिथेच आहे. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिथे तयार यंत्र मिळतं, सुटा स्पीकर, सर्किट बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, पिनाही मिळतात. आयटीआय किंवा डिप्लोमा करणारी आपली मुलं सोबत न्यावीत. अ‍ॅम्प्लिफायर उघडून आत काय आहे हे पाहिलं की त्यांचा अभ्यासही होतो.

ओहमचा साधा नियम

प्रत्येक स्पीकरमागे ४, ६ किंवा ८ ओहम असा आकडा असतो. अ‍ॅम्प्लिफायरवरही कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं. स्पीकरचे ओहम त्याहून कमी नसावेत, एवढं सांभाळलं की पुरे.

गडबड होते ती पुढे. कार्यक्रम मोठा झाला की कोणीतरी त्याच तारेला आणखी दोन स्पीकर जोडतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो. ४ ओहमचे दोन जोडले की २ ओहम. अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमपर्यंतचा असेल तर तो तापतो, बंद पडतो किंवा जळतो. एकापुढे एक, म्हणजे मालिकेत जोडले तर ओहमची बेरीज होते. त्यात धोका नाही, पण आवाज उतरतो.

'मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर फुटतो' असं सगळे म्हणतात. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरनेही तो जळतो, हे कमी जणांना माहीत असतं. २० वॉटच्या यंत्राचं बटण शेवटपर्यंत फिरवलं की आवाज फाटतो. या फाटलेल्या आवाजात वरच्या पट्ट्यातली शक्ती वाढते आणि ती बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला, म्हणजे ट्विटरला, जाळते. आवाज फाटू लागला की बटण मागे घ्यावं. हा नियम कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवावा.

दुकानात तपासायचं काय?

१. मोबाइलमध्ये तीन गोष्टी घेऊन जाव्यात: आपल्याच एखाद्या ताईने वाचलेला ग्रंथाचा उतारा, ढोलकी आणि कोरस असलेलं एक भीमगीत, आणि बाबासाहेबांची मुलाखत. दुकानदाराच्या डेमो गाण्यावर निर्णय घेऊ नये. ते त्याच स्पीकरची बाजू दिसेल असं निवडलेलं असतं.

२. बास आणि ट्रेबल मध्यावर ठेवून ऐकावं. शब्द कळतात का, हा पहिला प्रश्न.

३. जुना स्पीकर असेल तर कोनवर चारही बोटं सारखी ठेवून हलकेच आत दाबावं. खरखर घासल्याचा आवाज आला तर आतली कॉइल घासते आहे, तो घेऊ नये.

४. कोनच्या कडेची गोल पट्टी बघावी. फोमची पट्टी आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होते. रबराची टिकते.

५. मल्टिमीटर न्यावा. ८ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. काहीच दाखवलं नाही तर तो आतून तुटलेला आहे.

६. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवून ऐकावं. मोठी गुणगुण नको. बटण हळू फिरवताना करकर झाली तर ती साफ करून जाते, पण त्यासाठी भाव कमी करून घ्यावा.

७. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर टोकांवर डीसी व्होल्ट मोजावेत. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असावेत. व्होल्टमध्ये आकडा आला तर ते यंत्र स्पीकर जाळणार, सोडून द्यावं.

तपासताना सोबत महिला मंडळातल्या किमान दोन सदस्या असाव्यात. वंदना बहुतेक ठिकाणी त्याच म्हणतात, वर्षावासात वाचनही त्याच करतात. त्यांच्या आवाजावर यंत्र पारखलं नाही तर खरेदी अर्धवटच राहते.

माइकचा विसर पडू देऊ नका

घरगुती स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला बहुधा माइकची जागा नसते. तो सरळ जोडला तर आवाज फारच बारीक येतो. म्हणून माइक इनपुट असलेला अ‍ॅम्प्लिफायर शोधावा किंवा मध्ये छोटा मिक्सर घ्यावा. अहुजासारख्या कंपन्यांचे सभेचे अ‍ॅम्प्लिफायर आपण गावोगावी पाहतो. त्यात ही सोय आधीच असते आणि भाषणापुरतंच यंत्र हवं असेल तर तेच बरं. भीमगीतंही दोन बाजूंनी छान ऐकायची असतील तर स्टिरिओ घ्यावा.

माइक तारेचा, साधा 'डायनॅमिक' घ्यावा. त्याला सेल लागत नाही आणि तो हाताळणीला टणक असतो. तोंडापासून चार बोटांवर धरावा. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल आवाज फुकट मिळतो. माइकची शिट्टी थांबवायची तर स्पीकर वाचकाच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. माइक स्पीकरच्या समोर कधीही आणू नये.

भाषणाच्या वेळी 'मोनो' बटण असेल तर दाबावं, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच आवाज जातो.

जोडणी आणि खोली

स्पीकरची तार तांब्याची, १.५ वर्ग मिलिमीटरची घ्यावी. ही घरातल्या वायरिंगची साधी तार दहा मीटरपर्यंत उत्तम चालते, महागड्या 'ऑडिओ केबल'ची गरज नाही. मात्र अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली 'सीसीए' तार टाळावी.

लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरची टोकं उलटी लागली तर बास गायब होतो आणि आवाज पोकळ वाटतो. पुष्कळ ठिकाणी 'स्पीकर खराब' म्हणून बदलला जातो तो याच कारणाने. प्लग तीन पिनांचाच ठेवावा. गुणगुण थांबवायला अर्थिंगची पिन तोडणं म्हणजे लहान मुलांच्या खोलीत जीवाशी खेळ.

स्पीकर जमिनीवर किंवा कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून वीतभर तरी पुढे ठेवावा. लाद्या आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, त्यावर उपाय स्वस्त आहेत: जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. तीस माणसं बसली की घुमणं आपोआपच कमी होतं. चांगल्या स्पीकरवर आणखी पाच हजार घालण्याआधी सतरंजी आणि कपाट करून पाहावं. कपाटात ग्रंथ आले तर दुप्पट फायदा.

शेजार, कायदा आणि आपले कान

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. लाऊडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. रात्री १० नंतर बंदिस्त सभागृहातल्या वापराखेरीज तो लावता येत नाही. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. खासगी जागेतल्या आवाजाने त्या जागेच्या हद्दीवर ही मर्यादा ५ डेसिबलपेक्षा जास्त ओलांडू नये, असंही नियम सांगतो. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचे १०० मीटर राज्य सरकारने तसं जाहीर केलं असेल तर शांतता क्षेत्रात येतात.

आपल्या कार्यक्रमाकडे नियमाचं भिंग जरा जास्तच जवळून धरलं जातं, हा अनुभव अनेक वस्त्यांनी घेतला आहे. म्हणून परवानगीचा कागद आपल्या हातात असलाच पाहिजे. इमारतीत बास स्लॅबमधून वरच्या घरात जातो, बोलण्याचा आवाज तितका जात नाही. स्पीकरखाली जाड रबर ठेवलं आणि बास कमी केला तर वरच्या मजल्यावरच्या परीक्षेच्या मुलाला त्रास होत नाही. तोही पुढे आपल्या अभ्यासवर्गाला येऊ शकतो.

कानांचंही गणित आहे. ८५ डेसिबल आठ तास ही कामगारांसाठीची एक शिफारस आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर तासन् तास नाचणाऱ्या आपल्या पोरांचे कान या हिशेबात कुठे बसतात, याचा विचार प्रत्येक जयंती मंडळाने करावा. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्याला जे पैसे जातात, त्यात वर्षभर वाचन ऐकवणारी सिस्टीम उभी राहते. मिरवणूक काढावी, वाजतगाजत काढावी. पण वर्गणीचा पहिला हक्क वर्षभर चालणाऱ्या कामाचा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरेदी सगळ्यांची, हिशेब सगळ्यांसमोर

तीन दुकानांचे लेखी दर घ्यावेत. निर्णय बैठकीत व्हावा आणि इतिवृत्तात नोंदवावा. नवीन माल असेल तर पक्की पावती घ्यावी, वॉरंटी कार्ड फाइलला लावावं. यंत्राचं नाव, नंबर आणि तारीख साहित्याच्या नोंदवहीत लिहावी. यंत्र चालवायची जबाबदारी एका मुलाची आणि एका मुलीची असावी आणि त्यांनी दर सहा महिन्यांनी आणखी दोघांना शिकवावं. नाहीतर 'तो आला नाही म्हणून साऊंड लागला नाही' हे दर रविवारी ऐकावं लागतं. खरेदीचा तक्ता भिंतीवर लावला की पुढच्या वर्गणीला कोणी नाही म्हणत नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटं काढा. खोलीची लांबी-रुंदी मोजा, वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी करा, किती घरं किती देऊ शकतात ते लिहा. हे तीन आकडे हातात घेऊनच दुकानाची पायरी चढा.

जय भीम! नमो बुद्धाय!